चुना, सोडा आणि प्रवाळांचा जमाखर्च

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाची एका रसायनाशी पक्की ओळख असते, फक्त नाव माहीत नसतं. बादलीला आतून चढलेला पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर बसलेलं कवच, शॉवरची बुजलेली भोकं. हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत 'स्केल अँड स्लज' नावाचं प्रकरण असतं, त्यातला स्केल तो हाच. मेकॅनिकलवाले बॉयलरच्या नळ्यांमध्ये तो बसू नये म्हणून झटतात, सिव्हिलवाले पाण्याच्या पाइपलाइनमध्ये, आणि आम्ही केमिकलवाले दोघांनाही सल्ले देतो.

पण मित्रांनो, जगात असेही प्राणी आहेत ज्यांचं सगळं आयुष्य हा थर बनवण्यात जातं. प्रवाळ, म्हणजे कोरल. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलायचं आणि स्वतःच्या खाली दगडाचं घर बांधत जायचं, एवढाच त्यांचा धंदा. आपल्याकडे 'चुना लावणे' म्हणजे दुसऱ्याला फसवणे. हे बिचारे स्वतःच्याच घराला चुना लावत बसतात!

आता तुम्ही म्हणाल, ही केमिकलची पोरगी प्रवाळांच्या मागे का लागली? कारण असं की माझा मामेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) जर्मनीत नोकरीला आहे आणि त्याच्या घरी एक रीफ अ‍ॅक्वेरियम आहे. निव्वळ २०० लिटर पाणी, त्यात समुद्राचं मीठ, दोन क्लाउनफिश आणि खडकांवर वाढणारे दगडी प्रवाळ. गेली दीड वर्षं त्या टाकीच्या पाण्याचं रीडिंग तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि मी एक्सेलमध्ये त्याचा हिशेब ठेवते. आधी गंमत म्हणून सुरू केलं. मग लक्षात आलं की सेकंड इयरला 'मटेरियल बॅलन्स' नावाच्या विषयात सरांनी जे फळ्यावर शिकवलं, ते इथे जिवंत प्राण्यांवर चाललंय. हिशेब चुकला तर मार्क जात नाहीत, प्रवाळ जातात.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे काही शब्द इंग्रजीच येतील, सांभाळून घ्या. अल्कलिनिटीला मराठीत 'अल्कता' म्हणतात हे मला हा लेख लिहिताना आईने सांगितलं. पण लॅबमध्ये आपण सगळे अल्कलिनिटीच म्हणतो, म्हणून इथेही तेच.)

दोन आकडे

रीफ टाकीत मोजायच्या गोष्टी पुष्कळ असतात. पण दगडी प्रवाळांचं पोट दोन आकड्यांवर चालतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी.

कॅल्शियम समजायला सोपं आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. टाकीतही साधारण ३८० ते ४५० च्या मध्ये ठेवतात.

अल्कलिनिटीपाशी मात्र बरेच जण अडखळतात, कारण लोकांना ती म्हणजे पीएच वाटते. तसं नाही. पीएच सांगतो की पाणी या क्षणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे. अल्कलिनिटी सांगते की या पाण्यात किती अ‍ॅसिड ओतलं तर ते हार मानेल. म्हणजे एक म्हणजे माणसाचा आत्ताचा मूड आणि दुसरी त्याची सहनशक्ती. समुद्राच्या पाण्यात ही सहनशक्ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या दोन आयनांमुळे येते. आणि प्रवाळांना सांगाड्यासाठी नेमका हाच माल लागतो. म्हणून आपण अल्कलिनिटी मोजतो, पण खरं तर प्रवाळांच्या कोठीत कार्बोनेटचा साठा किती शिल्लक आहे ते बघत असतो.

हे मोजायचं एकक जर्मन आहे, डीकेएच. पूर्ण रूप 'डॉइचे कार्बोनाटहेर्टे', जर्मन अंशांमधली कार्बोनेट हार्डनेस. आपल्या लॅबच्या भाषेत २.८ डीकेएच म्हणजे लिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रात अल्कलिनिटी साडेसहा ते सातच्या आसपास असते. टाकीत लोक ७ ते ११ मधला एखादा आकडा निवडतात. दादाने ८ निवडलाय.

मोजण्याची पद्धत बघितलीत तर हसाल. नमुना घ्यायचा, इंडिकेटर टाकायचा, थेंब थेंब अ‍ॅसिड सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं. फर्स्ट इयरचं टायट्रेशन! फक्त ब्युरेटच्या जागी सिरिंज असते आणि जर्नलवर सही घ्यावी लागत नाही. कॅल्शियमही ईडीटीएने मोजता येतं. पण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे आयन कॅल्शियमच्या पाचपट असतात, म्हणून आपल्या 'टोटल हार्डनेस'च्या प्रॅक्टिकलसारखं सरसकट टायट्रेशन केलं तर मॅग्नेशियमच जास्त मोजलं जाईल. त्यासाठी आधी पीएच १२ च्या वर नेतात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनून बाजूला बसतं आणि मग एकट्या कॅल्शियमची गाठ ईडीटीएशी पडते.

पोळ्यांची चळत आणि वाटीभर भाजी

आता खरा मुद्दा. प्रवाळ सांगाडा बांधतात तेव्हा कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतं, वर थोडा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सुटतं. प्रमाण ठरलेलं, त्यात घासाघीस नाही. आकड्यांत मांडलं तर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झालं की त्याबरोबर २.८ डीकेएच अल्कलिनिटी खर्च झालीच पाहिजे. (सांगाड्यात थोडं मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमही शिरतं, म्हणून प्रत्यक्षात कॅल्शियम २० पेक्षा किंचित कमी लागतं. आपण २० धरू.)

खर्च प्रमाणात होतो हे ठीक. पण साठा प्रमाणात नाहीये, आणि सगळा घोळ इथे आहे.

समजा मेसमध्ये तुमच्यापुढे पोळ्यांची भलीमोठी चळत ठेवली आणि भाजी मात्र एक वाटी. प्रत्येक पोळीला ठरावीक भाजी लागणारच. थोड्या वेळाने बघितलं तर चळत जवळजवळ तेवढीच दिसेल आणि वाटीचा तळ दिसायला लागलेला असेल. टाकीत कॅल्शियम म्हणजे ती चळत आणि अल्कलिनिटी म्हणजे वाटी. सुरुवातीला कॅल्शियम ४२० आणि अल्कलिनिटी ८ आहे. काहीच भर न घालता प्रवाळांना जेवू दिलं आणि ४० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झालं, तर कॅल्शियम ३८० वर येईल, म्हणजे दहा टक्केसुद्धा कमी नाही. पण त्याच वेळी अल्कलिनिटी ५.६ ने खाली येऊन २.४ राहील. सत्तर टक्के साठा साफ! प्रत्यक्षात ती इतकी खाली जायच्या आतच प्रवाळांचं बांधकाम मंदावतं आणि कडेने त्यांची कातडी सुटायला लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रोज नजर ठेवायची ती अल्कलिनिटीवर. दादाच्या टाकीत दिवसाला ०.७ डीकेएच खर्च होतो. त्याच्याबरोबर जाणारं कॅल्शियम फक्त ५ मिलिग्रॅम. घरगुती किटमध्ये कॅल्शियमचा आकडा दहा-वीसने सहज इकडेतिकडे होतो, त्यामुळे ५ चा फरक त्यात दिसणारच नाही. अल्कलिनिटीतला ०.७ चा फरक मात्र नीट दिसतो. म्हणून कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाकीत दोन वेगवेगळी कामं असतात आणि ती एकमेकांत मिसळायची नसतात. एक, रोजचा खर्च भरून काढणे. दोन, बिघडलेला आकडा जागेवर आणणे. रोजचा खर्च भरताना दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणातच घालायच्या. आकडा दुरुस्त करताना मात्र जो कमी आहे तोच घालायचा, एकटा.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता हे बघा. समजा एखाद्याच्या टाकीत कॅल्शियम ३८० आहे आणि अल्कलिनिटी ११. कॅल्शियम ४२० व्हावं म्हणून तो दोन बाटल्यांचं समतोल औषध ओतत जातो. कॅल्शियम ४० ने वाढवायचं म्हणजे त्याच औषधातून अल्कलिनिटी ५.६ ने वाढणार. अकराची झाली १६.६! पाणी एवढं सहन करत नाही.

पाण्यातला बर्फ

सहन करत नाही म्हणजे काय होतं? समुद्राचं पाणी मुळातच कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत सुपरसॅच्युरेटेड असतं. प्रवाळ ज्या अ‍ॅरॅगोनाइट रूपात सांगाडा बांधतात, त्याच्या हिशेबाने उष्ण प्रदेशातलं वरचं पाणी साधारण तीन ते चार पट संपृक्त आहे. मग सगळा समुद्र चुनखडीने पांढरा का होत नाही? याचं मोठं श्रेय मॅग्नेशियमला जातं. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक तयार व्हायला लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि पुढची वाढ अडवतात. लोकलच्या दारात उभं राहून 'आत जागा नाही' म्हणणारे असतात ना, तसेच. म्हणून टाकीत मॅग्नेशियमही १२५० ते १३५० च्या आसपास राखतात.

पण या पहारेकऱ्यांनाही मर्यादा आहे. अल्कलिनिटी फार वाढवली, किंवा सोडा आणि कॅल्शियमची पावडर एकाच जागी एकामागोमाग टाकली, तर पाण्यात अक्षरशः बर्फ पडतो. बारीक पांढरे कण तरंगायला लागतात आणि टाकी दुधाळ होते. हे कण स्वतःच नव्या स्फटिकांचे बीज बनतात, त्यामुळे प्रकार वाढत जातो. दुसऱ्या दिवशी मोजलं तर दोन्ही आकडे आधीपेक्षाही कमी! माणूस घाबरून आणखी ओततो आणि मग आणखी बर्फ पडतो. सर्वांत आधी थर कुठे बसतो सांगू? हीटरवर आणि पंपाच्या फिरत्या भागावर, कारण तिथे पाणी गरम असतं. आपल्या गीझरची कॉइल आणि जर्मनीतला टाकीचा हीटर, दोघांचं दुखणं एकच.

म्हणजे बघा, बॉयलरवाल्याला स्केल कुठेच नको असतो. इथे तो हवा आहे, पण फक्त प्रवाळाच्या शरीरात, त्याच्या मर्जीने आणि त्याच्या वेगाने. बाकी कुठे बसला की तो चोरीला गेलेला माल.

वरच्या उदाहरणातल्या माणसाने काय करायला हवं होतं? अल्कलिनिटीला हात न लावता फक्त कॅल्शियम क्लोराइड. २०० लिटरला ४० मिलिग्रॅमने वाढवायचं म्हणजे ८ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे साधारण २९ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. तेसुद्धा पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत वाटून.

रोजचा जमाखर्च

दादाच्या टाकीचा रोजचा हिशेब असा आहे. आधी एक दिवस काहीही न घालता, ठरावीक वेळेला दोनदा अल्कलिनिटी मोजायची. फरक आला ०.७. त्याला २.८ ने भागलं की लिटरला ०.२५ मिलिइक्विव्हॅलंट, २०० लिटरला ५०. हा झाला रोजचा खर्च.

५० मिलिइक्विव्हॅलंट भरून काढायला खायचा सोडा लागतो ४.२ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम २५ मिलिमोल, म्हणजे ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. चमचाभर-चमचाभर पावडर! आणि त्यातून प्रवाळ रोज बांधतात २.५ ग्रॅम दगड. वर्षाचे झाले सुमारे ९०० ग्रॅम. २०० लिटर पाण्यात, कोणाच्या लक्षातही न येता, किलोभर दगड!

दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात आणि दोन छोटे डोझिंग पंप ती थोडी थोडी टाकीत सोडतात. वेळा वेगळ्या आणि सोडायच्या जागाही वेगळ्या, बर्फ पडू नये म्हणून.

आता मटेरियल बॅलन्सच्या सरांचा आवडता प्रश्न: उरलं काय? सोड्यातलं कार्बोनेट गेलं, क्लोराइडमधलं कॅल्शियम गेलं, मागे राहिलं सोडियम आणि क्लोराइड. म्हणजे साधं मीठ, रोज २.९ ग्रॅम. फार वाटत नाही. पण पाणी कधी बदललंच नाही, तर वर्षात किलोभर मीठ जमतं आणि लिटरला ३५ ग्रॅम असलेला खारटपणा ४० च्या वर सरकतो. म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन माणसाने यावर आणखी एक उपाय सुचवला, तो आता 'बालिंग पद्धत' म्हणून ओळखला जातो. दोन द्रावणांच्या जोडीला तिसरं द्रावण द्यायचं, ज्यात समुद्रातले बाकीचे क्षार असतात पण सोडियम क्लोराइड नसतं. मग जे मागे उरतं ते समुद्राच्या मिठासारखंच असतं. खारटपणा तरीही हळूहळू वाढतो, त्यामुळे पाणी बदलणं चुकत नाही, पण क्षारांचं आपसातलं प्रमाण बिघडत नाही. मला ही कल्पना फार आवडली. कचरा थांबवता येत नसेल, तर त्याची रचना तरी सुधारायची.

आजीची निवळी

या सगळ्याच्या आधीपासून चालत आलेला उपाय तर तुमच्या-माझ्या आजीलाही माहीत आहे. चुन्याची निवळी! जर्मन लोक त्याला 'काल्कवासर' म्हणतात, शब्दशः चुन्याचं पाणी. विरलेला चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. शाळेत स्ट्रॉने फुंकर मारून जे पाणी दुधाळ करून दाखवायचे, तेच हे.

निवळीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी आपोआप ठरलेल्या प्रमाणात येतात, कारण कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या एका रेणूत कॅल्शियम एक आणि हायड्रॉक्साइड दोन. मागे मीठही उरत नाही. संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी असते, म्हणजे दादाच्या टाकीला रोज सव्वा लिटर पुरेल. टाकीतून रोज एवढं पाणी वाफ होऊन जातंच, ते निवळीनेच भरून काढायचं. एका दगडात दोन पक्षी.

तोटा एवढाच की तिचा पीएच १२ च्या वर असतो. एकदम ओतली तर प्रवाळ भाजून निघतील. थेंब थेंबच सोडावी लागते. शिवाय जेवढं पाणी वाफ होतं त्यापेक्षा जास्त निवळी घालता येत नाही. टाकीत प्रवाळ वाढले, त्यांची भूक वाढली, की निवळी एकटी पुरत नाही. मग सोडा आणि क्लोराइडकडे यावं लागतं. मोठ्या टाकीवाले चुनखडीचे खडे भरलेल्या नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडून तेच खडे हळूहळू विरघळवतात. तेही प्रमाणशीर, कारण विरघळणारी वस्तू तीच आहे जी प्रवाळांना बांधायची आहे.

डिसेंबरातले तीन आठवडे

गेल्या डिसेंबरात दादा घरच्या लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला आला होता. टाकी सांभाळायला शेजारच्या आजी, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना टेस्ट किट वापरायला दादाने शिकवलं होतं. दर तीन दिवसांनी त्या रीडिंग पाठवायच्या. नवव्या दिवशी कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८.०. बाराव्या दिवशी कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ६.१.

मेंदीच्या कार्यक्रमात दादाचा चेहरा पडला. पाहुणे विचारतायत काय झालं, आणि हा म्हणतो अल्कलिनिटी पडली! आम्ही दोघं जिन्यात बसलो. त्याचा पहिला प्रश्न होता, "प्रवाळ जास्त खायला लागले की काय?" तसं असेल तर दोन्ही डोस वाढवायला हवेत.

पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. प्रवाळ जास्त खात असते तर कॅल्शियमही थोडं तरी उतरलं असतं, आणि अल्कलिनिटी रोजच्या भरीशिवाय आणखी घसरली असती. इथे तीन दिवसांची घट १.९. सोड्याचा पंप तीन दिवस बंद असेल तर घट २.१ यायला हवी; अल्कलिनिटी उतरली की खर्चही जरा मंदावतो, म्हणजे १.९ अगदी जुळतं. कॅल्शियमचा पंप मात्र चालू, म्हणून तो आकडा जागच्या जागी. मी म्हटलं, "दादा, आजींना सोड्याच्या डब्यातली पातळी बघायला सांग." पातळी तीन दिवसांत हललीच नव्हती. नळीचं टोक पाण्याला टेकलं होतं आणि त्यावर पांढरं कवच धरून ते बंद झालं होतं. पुन्हा तोच आपला स्केल!

आजींनी ते टोक व्हिनेगरमध्ये बुडवून मोकळं केलं. आता राहिली १.९ ची दुरुस्ती. २०० लिटरला ती होते ११.४ ग्रॅम सोडा. एकदम नाही, तीन दिवसांत वाटून, म्हणजे रोज ३.८ ग्रॅम, तेही अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी, ग्लासभर शुद्ध पाण्यात विरघळवून. कॅल्शियमला हात लावायचा नाही. आजींनी केक बनवायच्या वजनकाट्यावर सोडा तोलला आणि फोटोही पाठवला. पंधराव्या दिवशी रीडिंग आलं ७.९. दादा वरातीत मनसोक्त नाचला.

खिडकी उघडा

एक सापळा अजून राहिला. थंडीत जर्मनीत दारं-खिडक्या बंद असतात. घरात चार माणसं जमली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो आणि टाकीचा पीएच ८.२ वरून ७.९ वर येतो. लोकांना वाटतं, पीएच पडला, घाला सोडा. पण कार्बन डायऑक्साइडने अल्कलिनिटी बदलत नाही! पाण्यातलं कार्बोनेट बायकार्बोनेट होतं, पण अ‍ॅसिड गिळायची एकूण ताकद तेवढीच राहते. मग सोडा घालून काय होणार? अल्कलिनिटी विनाकारण वर जाणार. यावरचं औषध बाटलीत नसतं, खिडकी उघडायची.

पण कार्बोनेट कमी झाल्याचा त्रास प्रवाळांना होतोच. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात 'बायोस्फिअर २' नावाची काचेची महाकाय इमारत आहे, जिच्यात १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी बंद झाली होती. तिच्यात सुमारे २६ लाख लिटरचा छोटा समुद्र आहे, त्यात प्रवाळ होते. १९९० च्या दशकात ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी त्या पाण्यात सोडा, कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड घालून आकडे खालीवर केले आणि जवळपास चार वर्षं प्रवाळांचं बांधकाम मोजलं. २००० साली निष्कर्ष छापून आला: बांधकामाचा वेग कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या गुणाकाराच्या मागोमाग चालतो. दादाची टाकी आणि तो समुद्र यांच्यात फरक फक्त शून्यांचा.

आणि खऱ्या समुद्राचं? औद्योगिक क्रांतीपासून आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राच्या वरच्या थराचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. हा मापक लॉगरिदमिक आहे, त्यामुळे ०.१ म्हणजे आम्लतेत पाव पटीहून जास्त वाढ. तिथे कोणी खिडकी उघडू शकत नाही.

आपल्या किनाऱ्यावरचे

प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंदमान-लक्षद्वीप आठवतं. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत; तिथला सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथेही आहेत. २००१ पासून भारतातले सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तेव्हा हा लेख वाचून कोणी मालवण ट्रिपमध्ये तुकडा उचलून बादलीत टाकायचा विचार करत असेल, तर कृपया नको. तो गुन्हा तर आहेच, शिवाय मेसच्या नळाच्या पाण्यात तो दोन दिवससुद्धा जगणार नाही.

प्रयोग करायचाच असेल तर बिनजिवाचा करा. समुद्राचं मीठ आणून एका बादलीत पाणी बनवा, अल्कलिनिटी मोजा, सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड घालून दोन्ही आकडे ठरवाल तिथे आणून दाखवा. (खायचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नको, तिच्यात अ‍ॅसिड आणि स्टार्च असतं.) पाणी दुधाळ न होता जमलं, तर समजा दोन आकड्यांचा एक हिशेब तुम्हाला कळला.

इंजिनीयर म्हणून आपल्याला सवय असते, आकडा कमी दिसला की वाढवायचा. पण तो आकडा कोणाशी बांधलेला आहे, रोजच्या खर्चाने उतरलाय की काहीतरी तुंबलंय, हे आधी बघायला हवं. थर्ड इयरमध्ये मी जे काही शिकले, त्यातलं हे मला एका वजनकाट्याने आणि सत्तरीतल्या आजींनी शिकवलं. फर्स्ट इयरवाल्यांनो, टायट्रेशनला पाठ करून रीडिंग लिहिताना एकदा आठवा, कुठेतरी कोणाचं घर त्या एका थेंबावर उभं असतं.